सरकारी वकिली हा एकच रस्ता नाही
अमेरिकेत सरकारी वकील झाल्याशिवाय फेडरल (म्हणजे केंद्रीय न्यायालयाचा) न्यायाधीश होता येत नाही, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. कॉन्स्टन्स बेकर मोटली या कृष्णवर्णीय वकिलांचंच उदाहरण घ्या. त्यांनी उमेदीची वर्षं सरकारी यंत्रणांविरुद्ध नागरी हक्कांचे खटले लढवण्यात घालवली. सर्वोच्च न्यायालयात १० खटले मांडले, त्यातले ९ जिंकले! जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठाचं दार उघडलं ते त्यांच्या वकिलीमुळे. मग थोडा काळ न्यूयॉर्कचं राजकारण. १९६६ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी न्यायाधीशपदासाठी त्यांचं नाव सुचवलं, तेव्हा मिसिसिपीचेच सिनेटर ईस्टलंड आडवे आले. तरीही सिनेटने मंजुरी दिली आणि त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला फेडरल न्यायाधीश झाल्या. महिला क्रीडा पत्रकारांना यांकी स्टेडियममधल्या (न्यूयॉर्कचं बेसबॉल मैदान) खेळाडूंच्या खोलीत प्रवेश देणारा १९७८ चा निकालही त्यांचाच.