गावच्या क्लबाला जगप्रसिद्ध टीमसोबत फ्रेंडली मॅच करायची ऑफर आलीय, घ्यावी का?

डिचोलीचा_लेफ्टबॅक

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, वाचून सल्ला द्या.

आमचा क्लब डिचोली तालुक्यातला, छोटाच, जीएफएच्या (गोवा फुटबॉल असोसिएशन) खालच्या डिव्हिजनला खेळतो. ग्राउंडच्या एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या बाजूला काजूची झाडं, पावसात चार महिने पाणी साचतं. पुढच्या वर्षी क्लबाचा सुवर्णमहोत्सव आहे, तर कमिटीतल्या एकाच्या ओळखीने एक इव्हेंटवाला आला आणि म्हणतो की युरोपमधल्या एका खूप मोठ्या क्लबाची लेजेंड्स टीम, म्हणजे त्यांचे जुने रिटायर्ड खेळाडू, मी गोव्यात आणतो, यजमान म्हणून तुमच्या क्लबाचं नाव, सामना मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर. क्लबाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पण ज्यांचे पोस्टर तुमच्या-माझ्या खोलीत होते तेच खेळाडू.

आता अडचण सांगतो. अॅडव्हान्स आम्ही भरायचा, तो एवढा की क्लबाची ठेव मोडावी लागेल आणि वर कोणाकडे तरी हात पसरावे लागतील. आणि समोर खेळणार कोण, तर "इन्व्हाइटेड ऑल स्टार्स", म्हणजे बाहेरून आणलेले नावाजलेले रिटायर्ड खेळाडू. आमची पोरं आधी अर्धा तास आपापसात खेळणार आणि मग बॉल बॉय. हे ऐकून आमचे कोच मीटिंगमधून उठूनच गेले. जुनी मंडळी मात्र म्हणतात की अशी संधी गावाला परत येणार नाही, आणि त्यांचंही मला खोटं वाटत नाही, कारण आमच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्यांनीही आयुष्यभर फुटबॉलच बघितलाय.

परवानग्या काय लागतात, खर्च कुठे कुठे निघतो आणि मुळात हे करावं का, कोणाला अनुभव असेल तर सांगा.

फातोर्डा_ईस्ट

भाऊ मी एफसी गोवा आणि सौदीच्या अल नासर क्लबाच्या सामन्याला स्टेडियममध्ये होतो, 22 ऑक्टोबर 2025, ती रात्र मी विसरणार नाही. रोनाल्डो येणार म्हणून अर्ध्या लोकांनी तिकिटं काढली होती आणि तो आलाच नाही, टीमसोबत प्रवासच केला नाही, तरी ब्रायसनने गोल मारला तेव्हा जो आवाज झाला तसा आवाज मी फातोर्ड्याला क्वचित ऐकलाय. आपण 2-1 हरलो पण लोक मान ताठ करून बाहेर पडले. आपला गोव्याचा पोरगा त्या टीमला गोल मारतो हे डोळ्यांनी बघणं वेगळंच असतं.

पण एक लक्षात घ्या, ती टीम कोणी पैसे देऊन बोलावली नव्हती. एफसी गोवाने मे महिन्यात सुपर कप जिंकला, मग ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला इथेच 2-1 हरवलं, तेव्हा कुठे एएफसीच्या (आशियाई फुटबॉल महासंघ) स्पर्धेत ग्रुपमध्ये जागा मिळाली आणि ड्रॉमध्ये अल नासर आलं, म्हणून त्या रात्री मैदानावर आपलीच टीम होती. तुमच्या ऑफरमध्ये तुमची टीमच नाहीय, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. बाकी मोठी नावं येत असतील तर मी तिकीट काढून येईनच, ते सांगायला नको.

शिट्टी_आणि_कार्ड

मी बरीच वर्षं रेफ्रीइंग केलंय, थोडंफार आयोजनातही होतो, तर जे माहीत आहे ते लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे कुठलीही विदेशी टीम खेळायला येणार असेल तर सुरुवात जीएफएला पत्र देऊन करा, तिथून ते एआयएफएफकडे, म्हणजे देशाच्या फुटबॉल फेडरेशनकडे जातं, आणि समोर क्लबाची खरी पहिली टीम असेल तर त्यांच्या देशाच्या फेडरेशनची पण संमती लागते. लेजेंड्सचं थोडं सैल असतं, पण म्हणूनच जास्त सांभाळायचं, कारण चार रिटायर्ड खेळाडू गोळा करून त्यांना मोठ्या क्लबाचं नाव लावणारे खूप आहेत. बार्सिलोनासारख्या क्लबाची लेजेंड्स टीम क्लब स्वतः चालवतो, त्यांनी 2018 मध्ये कोलकात्यात मोहन बागानच्या माजी खेळाडूंसोबत सामना केला आणि एप्रिल 2025 मध्ये नवी मुंबईत रियाल माद्रिदच्या लेजेंड्ससोबत खेळले. तेव्हा तुम्ही सरळ त्या क्लबाच्या ऑफिशियल ईमेलवर लिहून विचारा की हा माणूस तुमच्यातर्फे बोलतोय का. उत्तर येईपर्यंत एक पैसा देऊ नका.

दुसरं, पैसे. फातोर्डा क्रीडा प्राधिकरणाचं, त्याचं भाडं, पोलीस बंदोबस्त, अॅम्ब्युलन्स, विमा, फ्लडलाइटची वीज, हे सगळं यजमानाच्या डोक्यावर येतं. आणि एक गोष्ट कोणीच सांगत नाही ती म्हणजे परदेशी खेळाडूला इथे खेळायचे पैसे दिले तर 20 टक्के टीडीएस आणि वर सेस, तो कापून भरायची जबाबदारी पैसे देणाऱ्याची. करारावर तुमच्या क्लबाची सही असेल तर नोटीस तुमच्या सेक्रेटरीच्या घरी येणार, इव्हेंटवाल्याच्या नाही. आणि टुरिस्ट व्हिसावर येऊन पैसे घेऊन खेळता येत नाही, ते पण विचारा.

तिसरं, तारीख. युरोपच्या टीमा दौऱ्यावर निघतात जुलै आणि ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा आपल्याकडे आषाढ-श्रावणाचा पाऊस. दुसरी फट म्हणजे जर्मन लीगची हिवाळी सुट्टी, बायर्न म्युनिच जानेवारी 2012 मध्ये दिल्लीला आली ती दोह्यातला सराव कॅम्प संपवून, बायचुंग भुतियाच्या निरोपाच्या सामन्याला. पण डिसेंबरअखेरीला गोव्यातल्या हॉटेलांचे दर तुम्हाला माहीत आहेत, चाळीस माणसांच्या खोल्यांचं बिल कोण भरणार? उरला मे महिना, त्यांचा सीझन संपल्यावर, बायर्नचा गोलकीपर ऑलिव्हर कान निरोपाला कोलकात्यात आला तो 2008 चा मेच होता, आणि मेमध्ये आपल्याकडचा उकाडा म्हणजे काय ते सांगायला नको. लेजेंड्सला सीझनचं बंधन नसतं, म्हणून जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी मागा.

आणि नाव छापलं म्हणजे माणूस आला असं नाही. केरळमध्ये अर्जेंटिना नोव्हेंबर 2025 ला येणार म्हणून सरकारने जाहीर केलं होतं, कोचीचं स्टेडियम कामाला काढलं होतं, आणि तो सामना नोव्हेंबरमध्ये झालाच नाही. डिसेंबरमध्ये कोलकात्यात मेस्सी आला तो थोडाच वेळ मैदानात, भोवती एवढी माणसं की स्टँडमधल्यांना तो दिसेना, लोकांनी महागडी तिकिटं काढलेली, मग बाटल्या काय खुर्च्या काय सगळं मैदानात. आयोजकाला अटक झाली. तुमच्या छोट्या क्लबाच्या नावावर असं काही झालं तर गावात तोंड दाखवायची पंचाईत. करारात खेळाडूंची नावं लिहून घ्या, त्यातले किती कमी आले तर किती पैसे परत ते पण लिहून घ्या, आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्या.

म्हापशाची_कोचबाय

वरच्या दादांनी पैशाचं सगळं सांगितलंच आहे, मी पोरांबद्दल बोलते कारण मी तेरा-चौदा वर्षांच्या मुला-मुलींना शिकवते.

तुमचे कोच उठून गेले ते बरोबरच केलं त्यांनी. जर्मनीत टेगर्नझे नावाच्या तलावाकाठी रोटाख-एगर्न म्हणून लहानसं गाव आहे, बायर्न म्युनिच तिथे सीझनआधी सरावाला जाते आणि गावच्या क्लबाशी फ्रेंडली खेळते. 2019 ला 23-0, 2023 ला 27-0. हो, सत्तावीस! पण मैदानात गावचीच पोरं होती, त्यांच्याच गोलकीपरने ते सगळे शॉट अंगावर घेतले, आणि 2024 ला परत बायर्न आली तेव्हा परत खेळायला उभे राहिले आणि एक गोल पण मारला. तो एक गोल मारणाऱ्याला म्हातारपणी नातवंडांना सांगायला काय पाहिजे अजून?

दुसरं उदाहरण ऑकलंड सिटी. नोकऱ्या करून खेळणारी माणसं, 2025 च्या क्लब वर्ल्ड कपमध्ये बायर्नने त्यांना 10-0 धुतलं, बेन्फिकाने 6-0, आणि शेवटच्या सामन्यात बोका ज्युनियर्ससोबत 1-1, गोल मारला तो शिक्षक होण्याचं शिक्षण घेणाऱ्या डिफेंडरने. पहिल्या दिवशी दहा खाल्ले म्हणून ते घरी बसले नाहीत. त्यामुळे "आपली पोरं लाज घालवतील" असं कमिटीत कोणी म्हणत असेल तर त्यांना हे दाखवा. मुलाला मोठा खेळाडू बघून आनंद होतो हे खरंच, पण त्याच्याकडून बॉल काढून घ्यायचा प्रयत्न केला, नाही जमला, आणि का नाही जमला ते अंगाला कळलं, हे शिक्षण मी वर्षभर ग्राउंडवर ओरडून देऊ शकत नाही. कुठे उभं राहायचं, बॉल यायच्या आधी कुठे बघायचं, एवढं जरी एका संध्याकाळी दिसलं तरी पुष्कळ.

म्हणून माझं म्हणणं, अट घाला की पहिला हाफ तुमची टीम खेळणार. ऑल स्टार्स दुसऱ्या हाफला खेळू देत. 1977 ला पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबासोबत कोलकात्यात ईडनवर आला तेव्हा समोर मोहन बागानच खेळली ना, 2-2 केलं, म्हणून अजून लोक बोलतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तास तुमच्या गावच्या ग्राउंडवर मुलांसाठी क्लिनिक, म्हणजे सरावाचं शिबिर, गडग्याच्या त्याच ग्राउंडवर, फातोर्ड्याला नाही. मुलींना पण घ्या, विसरू नका.

तारवटी_सॅम

मी जहाजावर असतो, हॅम्बर्गला आमचं जहाज लागलं की सेंट पाउलीचं स्टेडियम बंदरापासून जवळच, तिथे एकदा जाऊन आलोय. त्या क्लबाची गोष्ट तुमच्या कामाची आहे म्हणून सांगतो.

हे 2002 मध्ये बुंडेसलिगाच्या, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगच्या तळाला होते, तरी फेब्रुवारीत त्यांनी बायर्नला 2-1 हरवलं, आणि बायर्न तेव्हा जगातला चॅम्पियन क्लब. पण लागोपाठ दोनदा खाली घसरले, 2003 ला तिसऱ्या लेव्हलला आणि तिजोरी रिकामी, लायसन्ससाठी पैसे नाहीत. लोकांनी टी-शर्ट विकत घेऊन, दारूच्या बारमधून वर्गणी काढून पैसे जमवले, आणि त्याच जुलैमध्ये बायर्न त्यांच्या छोट्या स्टेडियमवर फ्रेंडली खेळायला आली, मानधन न घेता. गेटचे पैसे सेंट पाउलीला.

म्हणजे मोठी टीम छोट्याकडे येते तेव्हा पैसा छोट्याकडे यायला पाहिजे, तुमच्या केसमध्ये तो तुमच्याकडून बाहेर चाललाय. इव्हेंटवाल्याला विचारा की तिकीट, टीव्ही, स्पॉन्सर, यातलं क्लबाला काय मिळणार. मला तर वाटतं तोटा सगळा तुमचा आणि नफा सगळा त्याचा असा कागद असणार. ठेव मोडू नका बाब. ती ठेव कोणी कोणी घालून उभी केली असेल, त्यात माझ्यासारखे तारवटी आणि गल्फवाले पण असतील.

डिचोलीचा_लेफ्टबॅक

सगळ्यांना देव बरें करूं, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काल कमिटी बसली, कोचना पण घरी जाऊन बोलावून आणलं. ठेवीला हात लावायचा नाही हे एकमताने ठरलं. सॅम म्हणतो ते खरं आहे, त्यात कुवेतवाल्यांचे पैसे आहेत. त्या क्लबाला ईमेल पाठवलाय, उत्तर यायचंय. इव्हेंटवाल्याला सांगितलं की पहिला हाफ आमची टीम, सकाळी गावात क्लिनिक, आणि अॅडव्हान्स तुम्ही स्पॉन्सरकडून उभा करा, गेटमध्ये आमचा हिस्सा लिहून द्या. तो म्हणतो शेवटची वीस मिनिटं तुमची पोरं उतरवू. कोच हाफच्या खाली यायला तयार नाहीत आणि मी त्यांच्या बाजूने आहे.

नाही जमलं तर सुवर्णमहोत्सवाला धेंपो किंवा साळगावकर या गोव्यातल्या जुन्या क्लबांना विनंती करायची असा एक विचार आलाय, धेंपोने पाच वेळा देशाची लीग जिंकलीय, आमच्या वाड्यावर अजून त्यांच्या त्या टीमची नावं पाठ असलेली माणसं आहेत. आमच्याच ग्राउंडवर, पूर्ण नव्वद मिनिटं. पण ग्राउंड त्यांना चालेल असं करायला काय करावं लागेल?

शिट्टी_आणि_कार्ड

हा विचार मला त्या लेजेंड्सपेक्षा जास्त आवडला. ग्राउंडचं सांगतो, पाऊस ओसरला की माती ओली असतानाच खड्डे भरून रोलर फिरवून घ्या, नोव्हेंबर उजाडला की आपल्याकडची लाल माती दगड होते, मग काही उपयोग नाही. गवत मुळापासून कापू नका. गडगा टचलाइनच्या अगदी जवळ असेल तर लाइन आत घ्या, मैदान थोडं अरुंद झालं तरी चालेल पण खेळाडू चिऱ्यावर आपटता कामा नये, मोठ्या क्लबाचा मॅनेजर पहिलं तेच बघतो. फोटो टाका इथे, मी येऊन पण बघेन एखाद्या रविवारी.