अलोन्सो तर नाही म्हणाला, आता लिव्हरपूलला क्लॉपच्या जागी कोण?

कोपकर:
शुक्रवारी, २९ मार्च २०२४ ला, झाबी अलोन्सोने पत्रकारांसमोर सांगून टाकलं की पुढच्या सीझनलाही तो लेव्हरकुसेनलाच थांबणार. म्हणजे जानेवारीत आपल्या मॅनेजरने, क्लॉपने, जातो म्हणून सांगितल्यापासून आपण ज्या एका नावासाठी देव पाण्यात ठेवून बसलो होतो ते नाव गेलं. वर बायर्नलाही तुखेलच्या जागी माणूस हवाय आणि बार्साचा झावी पण चाललाय, म्हणजे तीन मोठे क्लब एकाच वेळी बाजारात.

आता जिकडे तिकडे आमोरिम आमोरिम (पोर्तुगालच्या स्पोर्टिंगचा मॅनेजर) चालू झालंय. माझा विरोध आहे, आणि माणूस वाईट म्हणून नाही. आपण गेल्या उन्हाळ्यात मिडफिल्डमध्ये चार जण आणले, मॅकअॅलिस्टर, सोबोस्लाय, एंडो आणि ग्रावेनबर्ख, ते मधे तिघांना खेळवायचं म्हणून आणले. आमोरिमच्या ३-४-३ मध्ये (मागे तीन, मग चार, पुढे तीन) चारातले दोन कडेचे विंगबॅक, म्हणजे मधे दोघंच. मग त्यातले दोन बेंचवर बसवायचे आणि परत बाजारात जायचं का? टीम आत्ता २९ मॅचमध्ये ६७ पॉइंट घेऊन टॉपला आहे, आर्सेनल ६५, सिटी ६४. टॉपला असलेली टीम कुणी पाडून बांधतं का राव?

माझं मत ब्रायटनचा मॅनेजर दे झेर्बी. काल ब्रायटनला आपण २-१ हरवलं ठीक आहे, पण दुसऱ्याच मिनिटाला वेलबेकने गोल मारला तेव्हा तुमच्यापण पोटात गोळा आलाच असणार. आणि हिशोब बघा, ऑक्टोबर २०२२ ला ३-३, मग जानेवारी २०२३ मध्ये लीगला ०-३, त्याच महिन्यात एफए कपला १-२, गेल्या ऑक्टोबरला २-२. काल पहिल्यांदा क्लॉपला त्याची टीम हरवता आली. जो माणूस आपल्याला इतका त्रास देतो त्यालाच घेऊन या.

हेवीमेटल_४३३:
भावा आपल्याला त्रास देतो म्हणून मॅनेजर घ्यायचा तर मग ट्रोसार्डलाच घे की, त्या ३-३ मध्ये हॅटट्रिक त्याची होती 😂

सिरियसली बोलायचं तर आमोरिमच. स्पोर्टिंगला १९ वर्षं लीग नव्हती, याने आल्यावर पहिल्याच पूर्ण सीझनमध्ये, २०२१ ला, मिळवून दिली, तेव्हा वय ३६. त्याला ब्रागामधून आणायला स्पोर्टिंगने १ कोटी युरो मोजले होते, मॅनेजरसाठी, आणि तेव्हा सगळे हसले होते. स्ट्रायकर ग्योकेरेस कुठून आणला बघ, कोव्हेंट्रीमधून, इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनमधून, आणि आज तो पोर्तुगालमध्ये धिंगाणा घालतोय. आपल्याकडे नुन्येझ आहे ना, त्याच्यावर असं कुणी काम केलं तर काय होईल विचार कर.

आणि ते ३-४-३ चं एवढं काय घेऊन बसलायस. बॉल आपल्याकडे असताना आपला राइटबॅक ट्रेंट आतमध्ये येतो, मागे तिघंच उरतात, म्हणजे आपण आत्ताही ३-२-५ च खेळतोय. फक्त कागदावर ४-३-३ लिहिलेलं असतं.

मधली_फळी:
बॉल आपल्याकडे असताना, हो. बॉल गेल्यावर काय ते पण सांग. आमोरिमची टीम बॉल गेला की मागे पाच करते आणि पुढचे दोन विंगर खाली येऊन चौघांच्या ओळीत बसतात. आता डोळ्यासमोर आण, ३१ वर्षांचा सालाह दर वेळी स्वतःच्या विंगबॅकशेजारी खाली येऊन उभा राहतोय. क्लॉपने सात वर्षं त्याला वरच ठेवला, त्याच्या मागची जागा हेंडरसनने धावून भरली, आता सोबोस्लाय भरतो. सालाहचे अर्धे गोल त्या वर राहण्यातूनच येतात. मधला तिसरा माणूस काढला की हे सगळं गणित बदलतं.

पण कोपकर, दे झेर्बीचं पण पटत नाही मला. त्याचे सेंटरबॅक बॉलवर पायाचा तळवा ठेवून नुसते उभे राहतात बघ, समोरचा अंगावर येईपर्यंत पास देतच नाहीत, तो आला रे आला की त्याच्या पाठीमागे पास. व्हॅन डाइक करेल ते. कोनातेने बॉलवर तळवा ठेवून थांबलेलं बघायची माझी तयारी नाही. माझं हृदय एवढं मजबूत नाहीये.

सहा_नंबर:
स्टीव्ही जी, आपला जुना कॅप्टन जेरार्ड. एवढंच बोलून थांबतो.

हेवीमेटल_४३३:
थांब थांब तसाच थांब. व्हिलाने ऑक्टोबर २०२२ ला काढला त्याला. नंतर सौदीत गेला, हेंडरसनला तिकडे बोलावून घेतलं, तो पण सहा महिन्यात आयॅक्सला पळाला.

सहा_नंबर:
आणि रेंजर्सबरोबर २०२१ ला एकही लीग मॅच न हरता टायटल? ते विसरायचं? आपलं माणूस आहे तो. आपल्या ग्राउंडला, अँफिल्डला, काय लागतं ते आपल्याच माणसाला कळतं. अलोन्सो तरी आपल्याला का हवा होता, २००५ च्या इस्तंबूलच्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये पेनल्टी अडवल्यावर रिबाउंड मारला म्हणूनच ना. जर्मनीत किती मॅच जिंकला ते नंतर बघितलं आपण.

बूटरूम:
पोरांनो, हे आपलं माणूस प्रकरण आम्ही एकदा भोगलंय म्हणून लिहितो. १९९१ मध्ये मॅनेजर डॅल्गलिश गेला आणि ग्रॅमी सूनेस आला. आपला जुना कॅप्टन, आणि तोही रेंजर्सबरोबर टायटलं जिंकून आलेला, म्हणजे तुमच्या जेरार्डचीच कुंडली. आल्या आल्या त्याने टीम मोडायला घेतली, बियर्डस्लीला गावातल्याच एव्हर्टनला विकला, एव्हर्टनला!, एकेक करत जुने गेले, नवे आले त्यातले बरेच त्या तोडीचे नव्हते. १९९२ चा एफए कप मिळाला खरा पण लीगमध्ये लागोपाठ दोन वर्षं सहावा नंबर. त्याच्या आधी कित्येक वर्षं पहिल्या दोनाच्या खाली उतरलो नव्हतो आपण. तिथून पुढची लीग थेट २०२० ला, मधे ३० वर्षं गेली. सगळं खापर सूनेसवर फोडणार नाही, पण घाई त्याचीच होती.

आता याच्या उलटं बघा. १९७४ ला मॅनेजर शँक्ली अचानक सोडून गेला, गावभर हाहाकार, आणि क्लबने काय केलं, तर शेजारच्याच खोलीतला त्याचा असिस्टंट बॉब पेझली उचलून खुर्चीत बसवला. त्याला स्वतःला ते काम नको होतं. पहिल्या सीझनला एक कप नाही. नंतरच्या आठ सीझनमध्ये सहा लीग आणि तीन युरोपियन कप. त्याने काही पाडलं नाही, हळूहळू एकेक माणूस बदलत गेला.

म्हणून मी कोपकरच्या बाजूने, नाव कुठलंही असो.

हेवीमेटल_४३३:
काका मान आहे तुम्हाला पण पेझली घरात होता म्हणून जमलं. आज घरात कोण आहे? असिस्टंट लाइंडर्स पण क्लॉपबरोबरच चाललाय, क्रावीट्झ पण. अख्खी खोली रिकामी होणार आहे. म्हणजे बाहेरचाच येणार आणि बाहेरचा आला की काहीतरी बदलणारच, मग जरा ताकदीचा आणा की जो बदलून दाखवेल.

स्ट्रेटफर्ड_एंड:
शेजाऱ्यांना शुभेच्छा द्यायला आलो 🙏 आमच्या मँचेस्टर युनायटेडला २०१३ ला फर्गीने (फर्ग्युसन) स्वतः उत्तराधिकारी निवडला होता, मॉयेस, सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, दहा महिन्यात घरी. तेव्हापासून आम्ही शोधतोच आहोत. तुम्हीपण या रांगेत, जागा भरपूर आहे. आणि हो, १७ मार्चला एफए कपमध्ये तुम्हाला ४-३ कुणी हरवलं, शेवटचा गोल मारणारा अमाद आठवतोय का

मधली_फळी:
भाऊ तुमच्याच उदाहरणावर बोलूया मग. मॉयेस माणूस म्हणून वाईट नव्हता, पण त्याने आल्यावर फर्गीचा सगळा कोचिंग स्टाफ बदलला आणि एव्हर्टनचे स्वतःचे लोक आणले. चॅम्पियन टीमला नवीन सवयी लावत बसला. हेच तर आम्ही बोलतोय. आता जा.

आकडेमोड:
सगळे जण स्वतःला आवडणारं नाव सांगताय पण निवडणार कोण ते कुणी बघतच नाहीये. मार्चमध्ये आपला जुना स्पोर्टिंग डिरेक्टर मायकल एडवर्ड्स परत आला आणि त्याने बोर्नमथच्या रिचर्ड ह्यूजला स्पोर्टिंग डिरेक्टर म्हणून नेमलंय. ह्यूजने बोर्नमथला काय केलं आठवा. गॅरी ओ'नीलने त्यांची टीम लीगमध्ये वाचवली, सगळीकडे कौतुक, आणि २०२३ च्या जूनमध्ये याने त्यालाच काढून इराओलाला आणला. इराओलाला पहिल्या नऊ लीग मॅचमध्ये एकही विजय नाही, लोक ओरडत होते, क्लब हलला नाही. म्हणजे हा माणूस टाळ्यांवर निवड करत नाही.

आणि क्लॉप तरी २०१५ ला कसा आला? त्याची डॉर्टमुंडची शेवटची लीग सातव्या नंबरवर संपली होती, लोक म्हणत होते याचं संपलं. आपल्या आकडेतज्ज्ञ इयन ग्रॅहमने मॅचगणिक आकडे काढून दाखवलं की टीम चांगलीच खेळत होती, नशीब फुटकं होतं. तीच पद्धत परत वापरणार.

त्या पद्धतीने माझ्या डोक्यात एक नाव येतं ज्यावर इथे एक शब्द नाही, आर्ने स्लॉट, डच क्लब फेयेनूर्डचा मॅनेजर. २०२२ मध्ये कॉन्फरन्स लीगची फायनल खेळला, रोमाकडून ०-१ हरला, आणि त्याच उन्हाळ्यात त्याची टीम अक्षरशः विकली गेली, मलासिया युनायटेडला, सिनिस्टेरा लीड्सला, आउर्सनेस बेनफिकाला, सेनेसी बोर्नमथला. हो, ह्यूजच्याच बोर्नमथला, म्हणजे त्या टीमवर ह्यूजचं लक्ष आधीपासून आहे. आणि एवढं सगळं गेल्यावर पुढच्याच सीझनला, २०२३ ला, डच लीग जिंकला. मागे चार, प्रेसिंग वर, आपल्याकडे आहे तसंच.

हेवीमेटल_४३३:
डच लीग. डच. भावा फ्रँक डी बोअर पॅलेसला आला होता, लीगच्या चार मॅच, चारही हरला, एक गोल नाही, घरी. तिकडूनच आलेला टेन हाग शेजारच्या युनायटेडला बघतोच आहोस. आणि तुझा स्लॉट यावर्षी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये तिसरा आला, मग युरोपा लीगला रोमाकडून पेनल्टीवर बाहेर. हा क्लॉपच्या खुर्चीत?

आकडेमोड:
आणि तुझ्या आमोरिमला सिटीने २०२२ ला त्याच्याच घरी पाच घातले. असं एकेक मॅच काढत बसलं तर कुणीच उरणार नाही. क्लॉपच्या पहिल्या सीझनला आपण आठवे होतो, दोन फायनल हरलो, आणि पहिला कप २०१९ ला, जवळजवळ चार वर्षांनी. तेव्हा तुझ्यासारखे असते तर २०१७ लाच पाठवला असता त्याला.

हेवीमेटल_४३३:
क्लॉपला वेळ मिळाला कारण तो आल्या दिवसापासून अख्खं स्टेडियम त्याचं झालं. पहिल्या सीझनला वेस्ट ब्रॉमशी घरी २-२ झाल्यावर प्लेयरना घेऊन कोपसमोर, आपल्या कट्टर फॅन्सच्या स्टँडसमोर, हात धरून उभा राहिला, सगळे हसले, आठवतं? लोकांना आपल्यामागे उभं करणं हे आकड्यात कुठे येतं ते दाखव. आमोरिम बोलायला लागला की ऐकत राहावंसं वाटतं. क्लॉपनंतर येणाऱ्याला ते लागणारच, नाहीतर पहिले दोन ड्रॉ झाले की "युर्गन असता तर" सुरू होईल. अँफिल्डला नाही, इथेच, आणि तू पण त्यात असशील.

कोपकर:
मग तर शांत माणूसच बरा. क्लॉपसारखं वागायला गेला तो मेलाच समज, त्याच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमणार नाही आणि जमवायचा प्रयत्न केला तर नक्कल वाटेल. स्लॉटचं मी फारसं बघितलं नाहीये, पण मागे चार ठेवतो म्हणतोस तर माझी हरकत नाही. दे झेर्बी पहिला, तो दुसरा.

सहा_नंबर:
म्हणजे कोपला ज्याचं नाव पण माहीत नाही असा टकला माणूस आपल्याला युरोपात घेऊन जाणार. बरं.

मधली_फळी:
कुणीपण येऊ दे, माझी भीती वेगळीच आहे. सालाह, व्हॅन डाइक, ट्रेंट, तिघांचं कॉन्ट्रॅक्ट २०२५ च्या जूनला संपतंय. आपण इथे फॉर्मेशनवर भांडतोय, पण नवीन माणूस आला की त्याच्या हातात एकच सीझन आहे या तिघांबरोबर.

कोपकर:
ते काम मॅनेजरचं नाही, ह्यूजचं.

मधली_फळी:
ह्यूज सीझन संपल्यावर जॉइन होणार आहे. क्लॉप निघालाय, नवीन बॉस ठरलेला नाही. मग आत्ता, आजच्या तारखेला, ट्रेंटशी बोलतंय कोण?