मदत हवी आहे: शेतीधोरण, मैलापाणी आणि बायबल, तिन्हीला मिळून पीएचडीचा एकच गाईड कुठे मिळेल?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

विषय वाचून हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. घरचे हसून झालेत.

मी राहते ठाण्यात, नोकरी नवी मुंबईत. गेली १७ वर्षं मैलापाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत आहे. रोज सकाळी टेबलावर दोन बाटल्या येतात, एक येणाऱ्या पाण्याची, एक जाणाऱ्या. पहिलीचं बूच उघडलं की नव्याने लागलेल्या मुलाला चहा नकोसा होतो. दुसरी खिडकीशी धरली की पलीकडच्या खांबावरचा नंबर वाचता येतो. मग बीओडीच्या (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते, त्याचं माप) बाटल्या २७ अंशांवर तीन दिवस. (बाहेरच्या पुस्तकांत २० अंश आणि पाच दिवस असतात. आपल्याकडे हवाही गरम आणि साहेबही घाईत.) येताना दीडशे-दोनशेच्या घरात असलेला आकडा जाताना दहाच्या आत आला की आमचा दिवस बरा गेला.

आता दुसरी बाजू. आम्ही ख्रिस्ती, ठाण्याचे ईस्ट इंडियन (इथल्याच मूळच्या ख्रिस्ती समाजाचे). आजोबांची खाडीलगत खाजण, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यातली, जमीन होती. बांध, उघाडी (बांधातलं पाणी अडवायचं-सोडायचं दार) आणि खारं पाणी सोसणारा काळा राता भात. आजोबा म्हणायचे, "देवाने समुद्राला सांगितलं इथवरच ये, आणि उघाडी बंद करायचं काम आमच्यावर ढकललं." ती जमीन माझ्या जन्माआधीच गेली. चार वर्षांपूर्वी मी रविवारच्या वर्गांना जाऊन ईशज्ञानाची (थिऑलॉजीची) पदविका केली, तेव्हा आजोबांचं हे वाक्य पुन्हा डोक्यात घुमायला लागलं.

तिसरी बाजू रुळांच्या कडेची. ठाणे-वाशी लोकलमधून रोज लाल माठ, पालक, भेंडीचे वाफे दिसतात. आईने ती भाजी घेणं कधीच सोडलं. एका शनिवारी मी सरळ जाऊन एका वाफेवाल्या काकांशी बोलले. नाल्यात पाइप सोडलेला, डिझेलपंप चालू, पाणी काळं. मी माझी विद्या पाजळली: आमच्याकडचं शुद्ध पाणी मिळालं तर घ्याल का? काकांनी नळी दुसऱ्या सरीत टाकली आणि म्हणाले, "तुमच्या पाण्यात दम नाही. ह्याच्यात खत आहे. तुमचं घेतलं तर युरिया कोण देणार?"

मी गप्पच झाले, कारण माणूस बरोबर बोलत होता. आमच्या टाक्या नायट्रोजन काढतात, आणि तो निघाला की आम्ही खूश होतो. ज्याला आम्ही प्रदूषण म्हणून लॉगबुकात लिहितो, त्याला ते खताची बचत म्हणतात.

तिथून माझा प्रश्न सुरू झाला. शुद्ध झालेल्या पाण्याचं होतं काय? ऐरोली आणि कोपरखैरणे इथे प्रत्येकी २० दशलक्ष लिटर क्षमतेची तृतीय स्तराची (शुद्ध झालेलं पाणी आणखी एकदा शुद्ध करणारी) केंद्रं आहेत, ते पाणी एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी. ते चांगलंच आहे, तेवढं धरणाचं पाणी वाचतं. बाकी बागा, दुभाजक, नाहीतर खाडी. आणि माणसाच्या पोटात जाणारी भाजी मात्र नाल्यावर. देशातल्या शहरांत २०२०-२१ साली रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होतं आणि त्यातलं २०,२३५ खरोखर शुद्ध होत होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचेच आकडे आहेत. उरलेल्यातलं बरंच कुणाच्या ना कुणाच्या शेतात शिरतं.

आणि मग बायबलमधलं यहेज्केल ३४:१८. तिथे देव धष्टपुष्ट मेंढरांना झापतो: तुम्ही निवळ पाणी प्यायलात ते पुरेसं नव्हतं का, म्हणून उरलेलं पायांनी गढूळ केलंत? पुढच्याच ओळीत म्हणतो, माझ्या बाकीच्या मेंढरांनी तेच प्यायचं का? मी हे आधी कितीदा तरी वाचलं होतं. वाफ्यावरून परत येताना प्लॅटफॉर्मवर आठवलं आणि लोकल सुटली.

तर पीएचडी करायची आहे, नोकरी सांभाळून. तीन ठिकाणी जाऊन आले. पर्यावरण अभियांत्रिकीच्या सरांनी विचारलं, "मॉडेल कुठंय?" कृषी अर्थशास्त्राच्या बाईंनी विचारलं, "रुळांकडेचे वाफे शेतीत मोडतात का? सातबारा आहे का त्यांचा?" (हा प्रश्न खरं तर झकास आहे, त्यावरच एक प्रकरण होईल.) ईशज्ञानाच्या प्राध्यापकांनी शांतपणे ऐकलं, चहा दिला आणि म्हणाले, "विषय सुंदर आहे, पण गटार जरा कमी करता येईल का?"

मला हवंय ते असं. तिन्ही विषय पचवणारा गाईड किंवा विभाग कुणाला माहीत आहे का? आपल्याकडे चर्च, शेती आणि सांडपाणी एकत्र आल्याची जुनी उदाहरणं कुठे सापडतील? आणि 'स्ट्युअर्डशिप'ला (देवाची सृष्टी आपण फक्त सांभाळायची, ही कल्पना) मराठीत काय लिहू? 'विश्वस्तपण' लिहिलं की सगळ्यांना गांधीजीच आठवतात.

---

पाचपाखाडीकर

ताई, तीन खात्यांची परवानगी लागणारी फाइल सरकारातही हलत नाही, तुम्ही विद्यापीठात हलवायला निघालात. शुभेच्छा. गंमत सोडा, २०२२च्या युजीसी नियमांत दुसऱ्या विभागातला सह-मार्गदर्शक घेता येतो आणि अर्धवेळ पीएचडीही चालते. फक्त ऑफिसचं ना-हरकत पत्र लागेल, ते आधी काढा. नंतर साहेब बदलतो.

---

उलटा_पंप

निवृत्त अभियंता, याच धंद्यातला. एक गोष्ट मनाला लावून घ्या: बीओडी दहाच्या आत आला म्हणजे पाणी भाजीला चालेल असं नाही. तुमचा आकडा जंतांच्या अंड्यांबद्दल काहीच सांगत नाही. क्लोरीनने जिवाणू मरतात, अंडी मरत नाहीत; ती तळाशी बसू द्यावी लागतात किंवा गाळावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरमागे एक अंडं किंवा कमी. तुमच्या प्रयोगशाळेत ती मोजता का? मोजत नसाल तर प्रबंधाचं पहिलं काम तेच. काकांच्या पाण्यात दम आहे खरा, पण त्या दमाबरोबर काय काय येतंय तेही दिसलं पाहिजे.

---

खाडीकाठ

नाही मोजत. कुणी मागितलंच नाही कधी. लिहून घेतलं.

---

बांधावरून

मी कृषी पदवीधर, आता सरकारी नोकरीत, म्हणून नाव नको. 'शेतीधोरण' एवढं मोठं टोपलं डोक्यावर घेऊ नका. एकच धागा धरा: पाणीवाटपाचा क्रम. राज्याच्या २००३च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग होता आणि शेती त्याच्या खाली. त्यावर रान उठलं आणि २०११मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. आता तुमचा प्रश्न असा होतो: धरणाच्या पाण्यात शेतीला जो दुसरा क्रमांक मिळाला, तो शुद्ध केलेल्या मैलापाण्यात तिला का मिळत नाही? याचं एक उत्तर पैशात आहे. कारखाना पाण्याचं बिल भरतो, वाफेवाला भरू शकत नाही. दुसरं उत्तर त्या बाईंनी दिलंच, सातबारा नाही. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्या नावावर पाणीही नाही.

---

वसईचा_फादर

लेकी, तुझा धागा दोनदा वाचला. तुझ्या प्राध्यापकांना सांग, गटार कमी करू नये. अनुवाद २३:१२-१४ मध्ये छावणीबाहेर जाऊन, खणून, विष्ठा मातीने झाकायचा नियम आहे, आणि कारण दिलंय की देव तुमच्या छावणीतून फिरतो. लूक १३ मधला माळी अंजिराच्या झाडाला एक वर्ष मागून घेतो ते कशासाठी? भोवती खणून खत घालायला. म्हणजे तुझे काका आणि तो माळी एकाच बाजूला.

पण वचनं कोथिंबिरीसारखी वरून भुरभुरू नकोस. एकच घे आणि ते खाली मुरू दे. यहेज्केल ३४ घेतलंस तर ४७ही वाच. मंदिरातून निघालेलं पाणी खारा समुद्र गोड करतं, पण ११व्या ओवीत दलदली तशाच खाऱ्या ठेवल्यात, मिठासाठी. खाजणवाल्या आजोबांच्या नातीला त्याचा अर्थ मी सांगायला नको.

'स्ट्युअर्डशिप'ला 'कारभारीपण' लिही. आपल्या बायबलमध्ये 'विश्वासू कारभारी' आहेच. लेवीय २५:२३ त्याला जोडून घे, जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे असं देव म्हणतो. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५च्या परिपत्रकातले ३० आणि ९४ हे परिच्छेद एकत्र वाच, एकात पाण्याचा हक्क आहे आणि दुसऱ्यात शेतकऱ्याच्या जमिनीचा.

माणसंच हवी असतील तर फादर हर्मन बाखर. स्विस जेझुइट, नगरच्या दुष्काळी भागात पाणलोटाचं काम उभं केलं, १९९३मध्ये त्यातून 'वॉटर' ही संस्था झाली. आणि आमच्याकडचे फादर दिब्रिटो, ज्यांनी हरित वसईसाठी टँकरवाल्यांशी आणि बिल्डरांशी वैर घेतलं. दोघांच्या कामात ईशज्ञान आहे, पण शोधावं लागेल. ते चर आणि विहिरींमध्ये आहे.

---

दप्तरदार

जुन्या उदाहरणांबद्दल. १८९० साली माटुंग्याला महापालिका आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने कुष्ठरोग्यांचा आश्रम निघाला. तिथे मैलापाण्यावर शेती होत असे, आणि १८९७च्या सुमारास मैल्याच्या टाकीतल्या वायूवर इंजिनही चालवलं होतं. ज्यांना गावाने बाहेर काढलं ती माणसं आणि ज्याला घराने बाहेर काढलं ते पाणी, दोन्ही एका कुंपणात. तुमच्या विषयाला याहून नेमकी जागा मला सुचत नाही. मिशनऱ्यांचं हवं असेल तर अलाहाबादचे सॅम हिगिनबॉटम पाहा: १९१०मध्ये शेतकी संस्था काढली आणि नैनीचा कुष्ठाश्रमही चालवला.

माटुंग्याचे कागद फोर्टमध्ये, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात शोधा. खाजणासाठी १८८२चं ठाणे गॅझेटियर आहे, त्यात खाऱ्या भातशेतीवरही मजकूर आहे आणि ठाण्यातल्या ख्रिस्ती लोकांवरही. इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलंय, तेव्हा चिमूटभर मीठ घेऊन वाचा. खाजणातलं असेल तर उत्तम.

---

पाचपाखाडीकर

गाईडचं राहिलंच. पवईच्या आयआयटीत ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, 'सितारा' म्हणतात. तिथे पाणी आणि शेती एकत्र चालतं. बायबलचं ऐकून दचकतील, पण सह-मार्गदर्शक पुण्याच्या ज्ञानदीप या ईशज्ञानाच्या संस्थेतून मिळतो का बघा. अर्जाच्या पहिल्या पानावर देव आणू नका एवढंच सांगेन.

---

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. फादर, 'कारभारीपण' घेतलं. उलटा_पंप काका, अंडी मोजायची पद्धत आणि लागणारं सामान यावर तुम्हाला वेगळं लिहून विचारते, आमच्या सेंट्रिफ्यूजवर जमेल असं वाटतंय.

विषय सध्या असा आवळलाय: "शुद्ध केलेल्या मैलापाण्यावर पहिला हक्क कुणाचा? नवी मुंबईतल्या पाणीवाटपाचा कारभारीपणाच्या दृष्टीने विचार." खत काढून टाकलेलं पाणी शेतकऱ्याला देणं म्हणजे निम्मंच देणं, हा काकांचा मुद्दा दुसऱ्या प्रकरणात येईल. त्यांना पुन्हा भेटले, म्हणाले, "लिहा, पण वाफा कुठला ते लिहू नका, उद्या येऊन उपटतील." म्हणून जागा मोघमच ठेवणार आहे. गाईडने नकाशा मागितला तर काय करायचं, हेही कुणी सांगा.

आणि दप्तरदार, पुराभिलेखागार शनिवारी उघडं असतं का? माझी सुट्टी शनिवारीच असते.