जेवणाच्या टेबलाला तेल की पीयू? लाकूड लाकडासारखं दिसावं एवढंच मागणं

कृष्णाकाठ (सांगली)
2019 च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरलं. ओसरल्यावर प्लायच्या कपाटाचे पापुद्रे हातात येत होते. आजोबांच्या वेळची सागवानी चौकट मात्र जागची हलली नव्हती. सुकल्यावर तिचा जुना ऑइलपेंट खरवडून रंधा मारला, तर आतून मधाच्या रंगाचं लाकूड आणि काळपट उभ्या रेषा. इतकी वर्षं आम्ही ते रंगाखाली झाकून ठेवलं होतं!
आता टेबल करायचंय. सुतार म्हणतात, पाइन घ्या, सागाच्या रंगाचा स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारा, वर चकचकीत पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश). मला हे मान्य नाही. साग घ्यावा, बेलतेलाचे (उकळलेल्या जवस तेलाचे) तीन पातळ हात चोळावेत. वर काही नको.

पाटण खोरं
दादा, तुमच्या हवेत तेल चालेल, आमच्याकडे नाही. पावसाळाभर भिंतींना ओल असते. देवघराच्या फळीला मी हौसेने तेल लावलं होतं. श्रावणात तिच्यावर काळे ठिपके आले; पुसले की चार दिवसांत परत. जवसाचं तेल हे बुरशीचं खाद्यच. शिवाय खरा रंग म्हणता, पण तेल वर्षागणिक पिवळं होत जातं. रंग राखायचा तर पाण्यातला मॅट पीयू. चकचकीत नको, एवढं तुमचं बरोबर.

कृष्णाकाठ
ताई, कच्चं जवस तेल होतं का? ते कित्येक दिवस चिकट राहतं. बेलतेलही जास्तीचं पंधरा-वीस मिनिटांत पुसून काढावं लागतं. पीयूवर ओरखडा खोल गेला तर टेबलाचा अख्खा वरचा पाट घासायची वेळ येते. तेलाला तेवढीच जागा घासून पुन्हा चोळलं की झालं.

पाटण खोरं
बेलतेलच होतं, आणि पुसलंही होतं.

रंधा-पटाशी (कराड)
तेल-पीयू नंतर बघा, आधी फळी बघा. वखारीत जाताना ओला फडका न्या आणि रंधलेल्या जागेवर फिरवा. ओलं असताना जो रंग दिसतो, साधारण तोच तेलाखाली दिसणार. सागाची कडेची पांढरी पट्टी घेऊ नका. कीड तिथेच लागते आणि गाभ्याशी रंगही जुळत नाही. फळ्या आणल्या की मध्ये पट्ट्या ठेवून दोन-तीन आठवडे घरातच रचून ठेवा, मग कापा. पाइनवर स्टेन मारायला मी स्वतः नको म्हणतो. कुठे जास्त पितं, कुठे कमी, डाग डाग दिसतात. बजेट कमी असेल तर नीट सुकवलेला, कीडनाशकाची प्रक्रिया केलेला आंबा घ्या. त्यातल्या करड्या रेषा मला सागापेक्षाही आवडतात.
आणि कृपा करून, तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आतल्या आत तापून आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळवा.

मिरजवाला
चपड्याचं नाव कुणीच काढलं नाही? स्पिरिटात विरघळवलेली लाख, कापसाच्या बोळ्याने हातावर हात. आमच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या तंबोऱ्याच्या तून लाकडाच्या दांडीवर चपड्याचंच पॉलिश आहे, बोट फिरवलं की लाकूड कळतं. जाड पीयूखाली प्लास्टिकला हात लावल्यासारखं वाटतं.

पाटण खोरं
तंबोऱ्यावर कुणी चहाचा कप ठेवत नाही. चपड्यावर गरम कप ठेवला की पांढरी चकती उमटते. रोज जेवायच्या टेबलाला तो चालणारच नाही.

मिरजवाला
टेबलाच्या पाटापुरतं मान्य. पायांना आणि खुर्च्यांच्या पाठींना तरी लावा.

कृष्णाकाठ
साग पक्का, पांढरी पट्टी सोडून. पण पाटाला अजूनही तेलच म्हणतोय. रोज ज्याच्यावर हात टेकायचा ते लाकूडच लागलं पाहिजे.

पाटण खोरं
मग एक करा. त्याच सागाच्या उरलेल्या तुकड्यावर अर्ध्या भागाला तेल, अर्ध्याला मॅट पीयू लावा आणि तो मोरीच्या दाराशी ठेवा. जुलै उलटला की दोन्हींचा फोटो इथे टाका.