काळजीवाहू भत्ता कुणाच्या खात्यात यावा?

निरंजना
माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. आंघोळ, भरवणं, कूस बदलणं सगळं मीच करते, नोकरी त्यासाठीच सोडली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 24 खाली काळजीवाहू भत्ता आहे, विनामोबदला सांभाळणारे आईवडीलही त्यात काळजीवाहू धरलेत. पण भत्ता दिव्यांग व्यक्तीला, तोही तिला जास्त आधाराची गरज असेल तर. शिवाय योजना करायच्या त्या सरकारच्या आर्थिक कुवतीत. माझं स्पष्ट मत आहे की हा पैसा सांभाळणाऱ्याच्या खात्यात यावा. माझा पीएफ थांबलाय, तो दिव्यांग पेन्शनमधून भरून निघत नाही. केंद्राचा त्यातला वाटा महिना 300 रुपये, त्यालाही 80 टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेची अट.

समीर
ठाम विरोध. मी व्हीलचेअरवर असतो, भाऊ मदत करतो. माझ्या मदतीचा पैसा त्याच्या खात्यात गेला तर उद्या दुसरा मदतनीस ठेवायलाही मला त्याचीच परवानगी लागेल. आणि त्रास देणारा घरचाच असेल तर? जर्मनीत 1995 पासून काळजी विमा आहे. तिथे रोख रक्कम गरजू व्यक्तीलाच मिळते, पुढे कुणाला द्यायची ते ती ठरवते.

निरंजना
जर्मनीचं अर्धंच सांगितलंत. ठरावीक तास सांभाळणाऱ्या घरच्या माणसाचा पेन्शनचा हप्ताही तोच विमा भरतो.

हिशेबनीस
आपल्याकडे आयकरात सवलत आहे की. अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी 75,000 रुपयांची वजावट, दिव्यांगत्व 80 टक्के वा जास्त असेल तर 1,25,000.

निरंजना
ती जुन्या करप्रणालीतच, आणि करपात्र उत्पन्न असणाऱ्यालाच. नोकरी सोडलेल्या बाईच्या हातात त्यातलं काय येतं?

विदुला
मला दोघांचंही पटत नाही. रोख भत्ता बाईला घरातच अडकवतो. ब्रिटनमध्ये असा भत्ता 1976 मध्ये सुरू झाला. विवाहित स्त्रियांना तो 1986 पर्यंत मिळतच नव्हता, कारण त्यांनी घरी सांभाळायचंच असं गृहीत धरलं होतं! आजही आठवड्याला किमान 35 तास काळजी घ्यावी लागते आणि कमाई मर्यादेच्या थोडी वर गेली तरी सगळा भत्ता जातो. अर्धवेळ कामसुद्धा माणूस भीतभीत करतो. तोच पैसा दिवसा सांभाळणारी केंद्रं आणि प्रशिक्षित मदतनीस यांवर घाला.

निरंजना
विदुला, केंद्र संध्याकाळी बंद होतं. रात्री दोनला कूस बदलायला मीच उठते. केंद्रं हवीतच, पण ती होईपर्यंत गेलेली वर्षं कुणाच्या खात्यात जमा होणार? आणि समीर, माझा मुलगा पैशाचे व्यवहार करू शकत नाही. खातं त्याचं असलं तरी ते मलाच चालवावं लागतं.

समीर
तुमच्या पेन्शनच्या हप्त्याला माझा पूर्ण पाठिंबा. तो सरकारने तुमच्याच नावे भरावा. मदतीचा पैसा मात्र मुलाच्या खात्यात राहू द्या. तो अठरा वर्षांचा झाला की 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घेता येतं, आणि पालकाला दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. तुमच्यावर संशय नाही. पण नियम करताना मला त्या घराचा विचार करावा लागतो, जिथे पेन्शन आली की परस्पर काढली जाते.

निरंजना
हिशेब देईन, हरकत नाही. पण त्या हिशेबात माझ्या कामाचा मोबदला खर्च म्हणून धरणार का, ते आधी सांगा.