इलेक्ट्रिक कुकरात वऱ्हाडी सयपाक: काय जमते, काय नाई? (आन् खाऱ्या पाण्यातली डाळ)

पूर्णाकाठची_सून (दर्यापूर तालुका)
पोरगा दिवाळीले आला त संगं इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घेऊन आला, ६ लिटरचा, १००० वॅट. बटनं बम आहेत त्याच्यावर, पण सूप, योगर्ट, पोरीज असली नावं, वरण म्हणून एकबी बटन नाई. पुस्तकात पास्ता न् चीजकेक. आमच्याकडं चीजकेक कोण खाते बापा. रोजचं आपलं वरण-भात-पोळी-भाजी, थंडीत सोले-वांगे (सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे), अंबाडी, कधी गोळाभात, कधी मटन. याच्यातलं काय काय जमते ते कोणी करून पाह्यलं असन त सांगा.

मुख्य दुखणं डाळीचं आहे. गाव खारपाणपट्ट्यात, बोअरच्या पाण्यात डाळ शिजतच नाई. गॅसवरच्या कुकरात शिट्ट्यावर शिट्ट्या होतात तरी दाणा येगळा न् पाणी येगळं. मले वाटलं याच्यात दाब जास्त असन त शिजून जाईन. सासूबाई म्हणतात, विजेच्या गंजात (भांड्यात) शिजवल्यानं पाणी गोड होते काय. आन् लाईनचा भरोसा नाई, मधातच गेली त काय करायचं तेबी सांगा.

वरूडचा_संत्रावाला
ताई, दाब जास्त नाई, उलट कमी असते. गॅसवरचा शिटीचा कुकर १५ पीएसआयवर (हे दाबाचं माप) चालते, आत १२० डिग्रीच्या आसपास तापते. हे इलेक्ट्रिकवाले बहुतेक १० ते १२ पीएसआयवर, म्हणजे ११५-११७ डिग्री. म्हणून गॅसपेक्षा दोन-चार मिनिटं जास्तच धरा. फायदा असा का समोर उभं राहा लागत नाई, बटन दाबून वावरात गेलं तरी चालते.

आमच्या घरी पहिले सगळे गोंधळले ते टायमरवर. १० मिनिटं लावले का लगेच १० मिनिटात होत नाई. पहिले तापते, दाब धरते, त्याच्यात १०-१५ मिनिटं जातात, भांडं भरलेलं असन त जास्तच, आन् मग उलटी मोजणी सुरू होते. त्याच्यानंतर दाब आपोआप उतरू द्या १० मिनिटं. डाळीची वाफ झटक्यात सोडू नका बरं, फेस नळीतून वर येते न् ओटा पिवळा होते. डाळ असन त भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाई, बाकी जिन्नस दोन तृतीयांशपर्यंत.

तूर डाळ भिजवलेली ८-१० मिनिटं, चण्याची भिजवलेली १२. भाताले पाणी कमी, वाटीले सव्वा वाटी, कारण वाफ बाहेर जातच नाई. गॅसच्या हिशोबानं पाणी टाकलं त भात नाई, पेज होईन.

अकोल्याचा_मास्तर
सासूबाईंचा मुद्दा बरोबर आहे. कुकर कोणताही घ्या, आधी पाण्याकडे बघावं लागेल. पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी खारट तर आहेच, पण बऱ्याच बोअरचं जडही असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त. डाळीच्या दाण्याला बांधून ठेवणारं जे पेक्टिन असतं त्याला हा कॅल्शियम चिकटतो आणि ते विरघळायचं थांबतं, मग तुम्ही कितीही शिट्ट्या घ्या दाणा टणकच राहतो. म्हणून सगळ्या सयपाकाला नको पण डाळ भिजवायला आणि शिजवायला तेवढं आरओचं नाहीतर साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. भिजवायलासुद्धा, हे लोक विसरतात, रात्रभर बोअरच्या पाण्यात भिजवून सकाळी आरओत शिजवली तर अर्धा फायदा गेला.

आरओ नसेल तर बोअरचं पाणी खळखळून उकळा, गार होऊ द्या, तळाला पांढरा गाळ बसतो, वरचं पाणी अलगद काढून घ्या. याने सगळा जडपणा जात नाही आणि खारटपणा तर मुळीच जात नाही, पण डाळीत फरक पडतो. खायचा सोडा वाटीभर डाळीला चिमूटभर, तो शेवटचा उपाय. जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि डाळीतलं बी-१ जीवनसत्त्वही जातं.

दुसरं कारण आंबट. चिंच, भेद्रं (टमाटर), अंबाडी हे डाळीबरोबर घातलं की डाळ शिजायची थांबते, आंबटामुळेही तो दाणा घट्ट राहतो. आपल्याकडे अंबाडीची भाजी डाळ आणि कण्या घालूनच होते, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. पाला वेगळा उकडून पाणी पिळून टाका, डाळ-कण्या वेगळ्या शिजवा, मग एकत्र घोटा आणि वरून लसूण-मिरचीची फोडणी.

तिसरं म्हणजे डाळ किती जुनी. इथल्या डाळ मिलमधून निघालेली ताजी डाळ आणि घरात दोन उन्हाळे काढलेली डाळ यांचा वेळ सारखा नसतो. गरमीत पडून राहिलेला दाणा टणक होतो आणि तो भिजवूनही पूर्ण सुधारत नाही.

नागपूरकर_पोट्टा
मटनाचं मी सांगतो. सॉटे म्हणून जे बटन असते त्याच्यावर कांदा-खोबरं-मसाला सगळं त्याच भांड्यात भाजता येते, पण भाजून झाल्यावर कपभर पाणी टाकून बुड लाकडी उलथन्यानं खरवडून घ्यायचं, एकबी चिकटलेला कण ठेवायचा नाई. नाईतर मसाला बुडाले लागते, मशीन बर्न दाखवते न् गरमच होत नाई, आन् पाहुणे तिकडं पाट मांडून बसलेले. बोकडाचं मटन २०-२५ मिनिटं, गावरान कोंबडी ३० पर्यंत, बॉयलर ७-८ मध्ये होते, त्याच्या वर गेली त हाडं मोजत बसा. तर्री मात्र गॅससारखी वर येत नाई, पाणी आटत नाई ना. झाकण काढून परत सॉटेवर उकळू द्यायचं, मग तेल सुटते.

चुलीवरचा_बाप्पा
एवढे उपद्व्याप करण्यापेक्षा चुलीवर गंज ठेवा न् काड्या सारा. चव पाहा मग.

नागपूरकर_पोट्टा
बाप्पा, काड्या सारायले तुमच्या घरी कोण बसते ते सांगा पहिले 😄

पूर्णाकाठची_सून
मास्तर, आरओच्या पाण्यात भिजवून त्याच्यातच लावली, १० मिनिटं. अशी घोटल्या गेली का रवीच लागली नाई, पळीनंच वरण झालं. सासूबाई काही बोलल्या नाई पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आता गोळाभाताचं कोणी सांगा. आन् कण्याचं.

पुसदची_काकू
गोळाभात झक्कास होते पोरी, फक्त हलवायचं नाई. चण्याच्या डाळीचा भरडा घे, बारीक बेसन नको, बारीक बेसनाचे गोळे दाबात गच्च बसतात. त्याच्यात तिखट, हळद, मीठ, ओवा, सांबार (कोथिंबीर) बारीक चिरून, आन् कडकडीत तेलाचं मोहन, मोहनात कंजुषी करशीन त गोळा घशात अडकन. लिंबाएवढे गोळे. कुकरात फोडणी करायची, तांदूळ परतायचा, वाटीले दीड वाटी पाणी कारण गोळेबी पाणी पितात, वरून गोळे एकाशेजारी एक ठेवून द्यायचे आन् झाकण. ५ मिनिटं, मग १० मिनिटं तसंच राहू दे. वाढताना भातावर गोळा फोडून लसणाचं फोडणीचं तेल, संगं कढी नाईतर चिंचेचं सार. ते तेल मात्र कढल्यातच कर, त्या मशीनीत नको.

ज्वारीच्या कण्या त याच्यात गॅसपेक्षा बऱ्या होतात. गॅसवर कण्या म्हणजे नुसतं ढवळत राहा, चटके बसतात हाताले. याच्यात १ वाटी कण्या, ४ वाट्या पाणी, मीठ, १२ मिनिटं. तासभर भिजवून घेतल्या त अजून मऊ. मधातच झाकण काढू नको, कण्याबी फेसतात. ताक घालून खायच्या.

पुरणाची डाळबी याच्यातच शिजवते मी आता, भिजवून, डाळीच्या वर दोन बोटं पाणी, कट निघते मस्त. पण पुरण गूळ टाकून आटवायचं ते बाहेर, गूळ बुडाले लागते. पातोडीचं बेसन घोटायलेबी कढलंच पाहिजे, रस्सा फक्त याच्यात. आन् रोडग्याचा विचारच करू नको, त्याले गोवऱ्याच लागतात. वाफेवर रोडगा केला त तो रोडगा राहत नाई.

वायरिंगवाला_भाऊ (मोताळा)
लाईनीचं कोणी बोललंच नाई म्हणून लिहितो, माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. १००० वॅट म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास. ते स्वस्तातलं एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका, वायर गरम होऊन प्लग वितळलेले रिपेअरले येतात माझ्याकडं. थेट भिंतीतल्या सॉकेटात लावा, शक्यतो १६ अँपिअरच्या, आन् अर्थिंग आहे का नाई ते तपासून घ्या, स्टीलचं भांडं न् ओला ओटा, खेळ नाई हा.

हरभरा-गव्हाले पाणी सुरू झालं का गावात व्होल्टेज पडते हे सगळ्यायले माहीत आहे. २३० चा १८० झाला त १००० वॅटचं कॉइल ६०० वॅटच्या आसपासच देते, कारण व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं पॉवर कमी होते. म्हणजे दाब धरायले १५ च्या जागी २५ मिनिटं लागले त मशीन बिघडली असं समजू नका. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर लावायचंच नाई, ९०० व्हीएचा इन्व्हर्टर ७०० वॅटच्या आसपास देते, ट्रिप होईन नाईतर बॅटरीची वाट लागन.

मधात लाईन गेली त झाकण उघडायची घाई नको, तसंही दाब असेपर्यंत ते उघडत नाई, झाकणावरचा तो छोटा खिळा खाली बसला का मगच. आत गरमी बराच वेळ राहते, शेवटची मिनिटं बाकी असतीन त डाळ त्याच्यातच होऊन जाते. लाईन आल्यावर काही मॉडेल आपोआप पुढं चालू होतात, काही परत बटन मागतात, तुमचं कोणतं ते पुस्तकात लिहेल असते. दोन-तीन तास लाईन आलीच नाई त मात्र अर्धं शिजलेलं मटन तसंच ठेवू नका.

बिलाचं म्हणाल त घरच्या वरण-भाताले पाव ते अर्धा युनिट, भांडं किती भरलं त्याच्यावर.

साकोलीची_वहिनी
आमच्याकडं धानाचा भाग, म्हणून भाताचं एक सांगते. सव्वा वाटीचा हिशोब जुन्या तांदळाले. दिवाळीनंतर नवा तांदूळ निघते त्याले वाटीले वाटीच पाणी, कधी त्याच्याहीपेक्षा थोडं कमी, नाईतर लगदा होते. आन् स्टँडवर स्टीलचा डबा ठेवून खाली डाळ वर भात एकाच वेळी होते, खालच्या डाळीचा टाइम धरायचा, भात थोडा मऊ होते पण म्हाताऱ्या माणसायले बरा.

लाखोळीची डाळ कोणी करत असन त ती नुसती कुकरात लावू नका. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकायचं, परत एकदा तसंच, मग शिजवायची, आन् रोज रोज नाई. त्या डाळीतला जो दोष असते, ज्याच्यानं पाय लुळे पडतात, तो पाण्यासंगं बराचसा जाते, नुसत्या शिजवण्यानं जात नाई.

अकोल्याचा_मास्तर
वहिनींनी चांगली आठवण केली. तसंच राजम्याचं. या मशीनवर स्लो कुक म्हणून बटन असतं, त्यावर राजमा कधीच करू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते खळखळून उकळल्यावर जातं, मंद आचेवर जात नाही, मग उलट्या. दाबावर शिजवला तर काही भीती नाही.

आणि डिले स्टार्ट, म्हणजे रात्री डाळ पाण्यात घालून सकाळचा टाइम लावणं, ते थंडीत ठीक. मे महिन्यात आपल्याकडे रात्रीही घर भट्टीसारखं तापलेलं असतं, डाळ भिजता भिजता आंबते. उन्हाळ्यात सकाळी उठूनच लावा.

मेळघाटवाला
चिखलदऱ्याले राहतो, ११०० मीटरच्या वर. इथं साधं पाणीच ९६ डिग्रीले उकळते, म्हणून वर सांगितलेल्या सगळ्या टायमात दहाएक टक्के वाढवतो मी. सपाटीवरच्या लोकायले गरज नाई.

पूर्णाकाठची_सून
बम माहिती भेटली, वहीत उतरवून घेतली. एक त्रास आहे, मटन केल्यानंतर झाकणाच्या रबराले वास धरला. दुसऱ्या दिवशी दूध घालून शेवयाची खीर केली त खिरीले मटनाचा वास, पोट्टे खाईनात.

पुसदची_काकू
ते सिलिकॉनचं रबर वास पितेच. काढून साबणानं धुवायचं, उन्हात टाकायचं, आन् झाकण उलटं ठेवायचं, बंद करून ठेवलं का वास कोंडते. माझ्याकडं दोन रबरं आहेत, एक तिखटाचं, एक गोडाचं, त्याच मॉडेलचं मागवायचं, दुसऱ्याचं बसत नाई. आन् दूध दाबावर लावूच नको, वर येऊन ती वाफेची नळी बुजवते. खीर करायची त सॉटेवर, झाकण न लावता.

पूर्णाकाठची_सून
बरं काकू. आता सोले निघून राह्यले, सोले-वांगे लावू काय याच्यात? पाणी किती?

पुसदची_काकू
लाव ना. कांदा, लसूण, भेद्रं, मसाला सॉटेवर परतून घे, सोले टाक, फल्लीदाण्याचा कूट शेवटी, पहिले टाकला त बुडाले लागन. पाणी दीड कप बस आहे, सोले कोवळे असतीन त ४ मिनिटं, निबर असतीन त ७. मग वाफ सोडून झाकण काढ आन् वांगे तवा टाक, सॉटेवर उघडेच शिजू दे. सोल्यासंगंच दाबावर टाकशीन त वांग्याचं भरीत होईन.