बी.ए. इतिहास : फी स्वस्त आहे, पण पदवी परवडते का?

तापीकाठचा
भाची यंदा बारावी सायन्स झाली. गाव शिरपूर तालुक्यात, थाळनेरच्या जवळ. तिथल्या फारुकी सुलतानांच्या कबरी ती लहानपणापासून बघते. ही माणसं तापीकाठी कुठून आली, राजधानी पुढे बऱ्हाणपूरला का गेली, हे विचारून तिने आम्हा सगळ्यांना भंडावलंय. आता म्हणते, इतिहासातच बी.ए. करायचं. दाजी म्हणतात बी.फार्म कर, कॉलेज दाराशी आहे. आठ दिवस बापलेकीत अबोला.

विषय चांगला की वाईट ते सोडा, मला पैशाचं सांगा. बी.फार्मला चार वर्षांची फी, बस, पुस्तकं धरून चार लाख तरी जातील. बी.ए. अनुदानित कॉलेजात काही हजारांत होतं. माझं मन भाचीकडे झुकतंय, पण दाजींसमोर नुसतं मन ठेवून भागणार नाही.

चोपड्याचा मास्तर
भाऊ, तुम्ही फी मोजली, वर्षं मोजली नाहीत. बी.ए. तीन, एम.ए. दोन, बी.एड. दोन. अठराव्या वर्षी निघालेली मुलगी पंचविशीला पोचते. मग शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी, त्याच भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल, आणि भरती निघायची वाट. निवड झालीच तर माध्यमिक शाळेत पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, महिना १८ हजार. पूर्ण पगार दिसेपर्यंत तिशी जवळ येते. हे सगळं वेळेवर झालं तर.

मी याच वाटेने गेलो. एम.ए., मग प्राध्यापकीची पात्रता परीक्षा सेट. नऊ वर्षं एका कॉलेजात घड्याळी तासिकेवर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, शिकवतोय. उन्हाळ्यात पैसे नाहीत, दिवाळीच्या सुट्टीत नाहीत, आणि झालेल्या तासांचं बिलही महिनोन् महिने अडकतं. मध्ये दुसऱ्या एका संस्थेत कायम जागा निघाली. तोंडी जो आकडा सांगितला, तो वडिलांचं शेत विकूनही जमला नसता. सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो. त्याच फळ्यावर, त्याच पोरांना शिकवून मला वर्षाच्या सरासरीने त्याच्या पाव हिस्साही पडत नाही. इतिहासावर माझं प्रेम आजही तेवढंच आहे, म्हणून सांगतो. मुलीला या रांगेत उभं करू नका.

केळीबाग_यावल
मास्तर, तुमचं दुःख खरं आहे, पण तुम्ही इतिहासाची तुलना पगारदार फार्मासिस्टशी करताय. आमच्या भागातल्या पोरांशी करून बघा. चार लाखांचं शैक्षणिक कर्ज १० टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता साडेआठ हजारांच्या आसपास बसतो. डिग्री घेऊन मेडिकलवर बसलेल्या पोराला तालुक्याच्या गावी जो पगार मिळतो, त्यातून हप्ता गेला की हातात काय राहतं? माझा पुतण्या याच चक्रात आहे. केळीचा भाव पडला त्या वर्षी त्याचा हप्ता भावाने घड विकून भरला.

बी.ए.वालीच्या डोक्यावर कर्ज नसतं. तीन वर्षांनी नाही जमलं तर ती वाट बदलू शकते. कर्जवाला बदलू शकत नाही, मिळेल ती नोकरी धरतो. ही मोकळीक पैशात मोजा, दाजींना सांगायला तुमच्याकडे आकडा तयार होईल.

चोपड्याचा मास्तर
वाट बदलू शकते म्हणता, पण बदलते का? माझ्या वर्गातली मुलं बी.ए. झाली की एम.ए.ला येतात, कारण दुसरं काही सुचत नाही. एम.ए. झाली की बी.एड.ला जातात. फी कमी असल्यामुळेच कुणी थांबून विचार करत नाही. मुलींचं तर याहून वाईट. शिक्षण चालू आहे तोवर स्थळं थांबवता येतात, म्हणून शिक्षण चालू ठेवायचं. त्यातून कमाई उभी राहत नाही.

मोडीवाचक धुळे
मी इतिहासाचा पदवीधर, कायम नोकरी नाही, तरी घर चालतं. कसं ते सांगतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मोडी लिपी शिकलो. आमच्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे. जुने कागद म्हणजे काय असतात ते तिथे पाहिलं आणि गोडी लागली. आज जुन्या जमिनीचे, वतनाचे, देवस्थान इनामाचे मोडी कागद वकिलांमार्फत माझ्याकडे येतात. पानावर पैसे घेतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, तेव्हा सरकारी कचेऱ्यांनाही मोडी वाचणारे हुडकावे लागले. त्या काही महिन्यांत मला रात्री जेवायला फुरसत नव्हती.

रोजची पक्की कमाई म्हणणार नाही. एखादा महिना कोरडा जातो. पण खान्देशात हे काम करणारी माणसं हाताच्या बोटांवर आहेत आणि घराघरांत कागदांच्या पेट्या पडून आहेत.

गिरणाकाठ
धुळेकर, तुमचा आदर आहे. पण तुम्हाला पैसे मोडीने दिले, पदवीने नाही. मोडीचा वर्ग कॉमर्सवालाही करतो. मग तीन वर्षं इतिहासात का घालवायची? बी.कॉम. करून मोडी शिकली तर दोन्ही हातांत काम. मी टॅक्सचं काम करतो, जीएसटी रिटर्न भरायला माझ्याकडे माणूस मिळत नाही. इतिहास वाचायला कुणाची बंदी नाही, रात्री वाचावा.

मोडीवाचक धुळे
अक्षर लागणं वेगळं आणि कागद कळणं वेगळं. एक उदाहरण घ्या. कागदावर सन लिहिलाय 'सलास अशर मयातैन व अलफ'. अक्षरं कुणीही लावेल. पण सलास म्हणजे तीन, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार, म्हणजे शुहूर सन, जुन्या मराठी कागदांवरची कालगणना, १२१३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, साल येतं १८१२-१३. खान्देश इंग्रजांकडे गेला १८१८ ला, म्हणजे हा पेशवाईतला कागद. मग त्यावर कुणाचा शिक्का हवा, कमाविसदार म्हणजे महसूल वसूल करणारा अंमलदार कोण, इनाम कुणी दिलं असेल, हे सगळं तपासता येतं. कागद बनावट असेल तर तो इथेच पकडला जातो. वकील पैसे देतो ते या तपासणीचे. आणि ही नजर रात्रीच्या वाचनाने आली नाही. मला ती वर्गात, एका म्हाताऱ्या सरांच्या हाताखाली मिळाली.

गिरणाकाठ
हे पटलं. पण असे सर किती कॉलेजांत आहेत? बहुतेक ठिकाणी गाईड पाठ करून पेपर लिहितात. दाजींनी पैसे त्या सरांच्या भरवशावर लावायचे का?

एरंडोल_अभ्यासिका
स्पर्धा परीक्षेचं कुणी बोललं नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, १७५० गुणांची. त्यातले ५०० गुण वैकल्पिक विषयाचे, आणि इतिहास तो विषय म्हणून घेता येतो. सामान्य अध्ययनातही तो आहेच. त्यामुळे पदवीची तीन वर्षं वाया जात नाहीत. पण यूपीएससीत साधारण हजारभर जागांसाठी दहा लाखांवर अर्ज येतात, हे लक्षात ठेवूनच उतरावं. मी चौथा प्रयत्न देतोय, वडील खतांच्या दुकानात हिशोब लिहून खोलीभाडं पाठवतात. माझं इतकंच सांगणं, किती वर्षं द्यायची ते पहिल्या दिवशी ठरवून घरच्यांना सांगा. मी ठरवलं नव्हतं.

पारोळ्याना बाबा
मना पोऱ्या इंजिनेर व्हयना, आते पुनाले बारा घंटा काम करस. पोर हुशार शे तं तिले तिना मनना परमाने शिकू द्या. पन नोकरीना भरोसावर नका ऱ्हावा, हातले काहीतरी काम लावा.

तापीकाठचा
सगळ्यांचं काल रात्री दाजींना मोठ्याने वाचून दाखवलं. मास्तरांचा हिशोब ऐकून ते म्हणाले, बघ, मी हेच म्हणतोय. केळीबागवाल्यांचा हप्ता ऐकल्यावर मात्र गप्प बसले. कर्ज काढायचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बँकेत जाऊन आले होते.

भाची स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर आली आणि म्हणाली, मला सात वर्षं नकोत. बी.ए.ची तीन द्या, त्यातच मोडी शिकते, आणि गिरणाकाठ म्हणतात ते टॅक्सचं कामही संध्याकाळी शिकते. एम.ए. करायचं की नाही ते तिसऱ्या वर्षी, माझ्या हातात स्वतःचे किती पैसे आलेत ते बघून ठरवू.

दाजी हो म्हणालेले नाहीत. फॉर्म भरायला चार दिवस आहेत. धुळेकर, त्या सरांचं कॉलेज कोणतं, आणि ते अजून शिकवतात का? रविवारी दोघांना घेऊन धुळ्याला येतो.

मोडीवाचक धुळे
सर निवृत्त झाले, पण घरी शिकवतात. या. येताना घरात जुन्या कागदांची पेटी असेल तर तीही आणा.